डाव्या हाताचा घास

"अहो, खा की आता! सांदण गार झालं की त्याचा दगड होतो," मी म्हटलं.

बाईंनी ऐकलंच नाही. बशी नुसती हातात धरून त्या हलीमाचाचीकडे बघत उभ्या होत्या. चाची वाट्यांमध्ये पीठ ओतत होती, आणि या बाईंची नजर पिठावर नाही, वाफेवर नाही, चाचीच्या बोटांवर.

"चाची, जरा परत कराल? हात कसा वळतो ते बघायचंय मला."

चाचीनं माझ्याकडे पाहिलं. "शकू, कुणाला घेऊन आलीस गे? ही खायला आली की माझं नशीब बघायला?"

मी हसण्यावारी नेलं, पण मनात म्हटलं, झालं, आज भेटली एक!

कारळी बंदरात मी तेव्हा खाद्यफेरी काढायचे. पुण्या-मुंबईची माणसं किल्ला बघायला यायची, फिरंग्यांची वखार बघायची, पूर्वी आगबोट लागायची तो धक्का बघायची, आणि दुपारी हॉटेलात बसून पनीर खायची. ते बघून माझं टाळकं सटकायचं. कारळीत येऊन पनीर! म्हणून मीच सुरू केलं. सकाळी मोहल्ल्यात हलीमाचाचीची सांदणं, मग पेठेत खडखडे लाडू, ब्राह्मणआळीत यमूवहिनींचे शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, आणि नारळाचा रस, आणि शेवटी धक्क्यावर सोनूआबांच्या खोपटात माशाचं कालवण आणि भात. चालायचं, खायचं, आणि मधल्या वेळात माझं तोंड चालूच. माझी जीभ टाळ्याला लागत नाही हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

अमावास्येला मी फेरी घेत नसे. होड्या बाहेर जात नाहीत, आबांच्या खोपटात कालवण शिजत नाही. शिवाय एकट्या माणसासाठीही मी निघत नसे. पण आदल्या संध्याकाळी या बाईंचा ठाण्याहून फोन आला. उद्याच हवी, एकटीच आहे, नाही म्हणू नका. आवाज असा, की माझ्या तोंडून हो निघून गेलं. नाव विचारलं तर म्हणाल्या, सुलक्षणा कारळकर, माहेरचंच आडनाव लावते.

मला हसू आलं. "कारळकर? अहो, कारळीत एकही कारळकर नाही! गाव सोडून जातो त्यालाच गावाचं आडनाव लागतं. मूळचे कोण तुम्ही?"

"तेच माहीत नाही," त्या म्हणाल्या.

तर त्या बाई आता मोहल्ल्याच्या बोळात माझ्यापुढे उभ्या होत्या, सांदण न खाता. चाचीच्या दारातून बाहेर पडल्यावर माझा पारा चढला.

"हे बघा बाई, तुम्हाला खायचं नसेल तर तसं सांगा. चाची पहाटे उठून पीठ आंबलंय का बघते. पाहुण्यानं बशी तशीच ठेवली की तिच्या जिवाला लागतं."

त्या मशिदीच्या कडेच्या कट्ट्यावर बसल्या. आणि म्हणाल्या, "ताई, माझे बाबा चाललेत हो."

मी पाण्याची बाटली काढून त्यांच्यापुढे धरली.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. शुद्ध पूर्ण होती. माणसं ओळखत, नातवाला बघून हसत. आणि दिवसभर हातानं एकच खूण करत. सुलक्षणाबाईंनी मला करून दाखवली. मूठ आवळली, सैल सोडली, पुन्हा आवळली, असं तीनदा. मग हात पुढे केला आणि बोटं उघडली.

"अशी. सारखी. आणि करता करता रडतात. बाबांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं."

"भूक लागत असेल."

"आम्हाला तेच वाटलं. काहीतरी मुठीत वळून खायचं असेल. मी बेसनाचे लाडू केले, रव्याचे केले, मुटके केले, मऊ भाताचे घास केले. तोंड फिरवतात. आता तर नाकातून नळी घातलीय. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, आता फार दिवस नाहीत. पण हात थांबत नाही हो! मग वाटलं, लहानपणचं काही असेल. इथलं. ते आम्हाला इथलं कधी काही बोललेच नाहीत. पोरसवदा असताना मुंबईला आले, छापखान्यात लागले, एवढंच. गावाचं नाव विचारलं तर कारळी, आणि कारळी कशी आहे विचारलं तर म्हणायचे, बंदर आहे. मुंबईत राहून आम्हा मुलांना कधी चौपाटीवरसुद्धा नेलं नाही."

मी त्यांच्या शेजारी बसले.

"माझा बाप काहीतरी शेवटचं मागतोय आणि मला कळत नाहीये," त्या म्हणाल्या. "त्यांना ते मिळालं नाही तर ताई, मी पुढं जन्मभर अन्नाचा घास तोंडात घालू कशी?"

मी उठले, पदर खोचला आणि म्हटलं, "चला. आज खायचं नाही. आज अख्ख्या कारळीचे हात बघायचे."

पेठेत गेलो. गांगणांच्या दुकानात नुकताच गुळाचा पाक झाला होता आणि गांगणांची सून शेवेचे खडखडे लाडू वळायला बसली होती. सुलक्षणाबाई तिच्यापुढे उकिडव्या बसल्या. गरम पाक, तांबडेलाल तळवे, आणि दोन्ही हात भराभर चाललेले.

"दोन हात लागतात," बाई हळूच म्हणाल्या.

"मग? बाबांचा एकच चालतो ना? दुसरा लुळा पडल्यावर एकानंच दाखवणार ते," मी म्हटलं. माझंही डोकं आता त्यातच अडकलं होतं.

"पण ते गोल फिरवत नाहीत ताई. नुसतं दाबतात."

गांगणांच्या सुनेनं दोन लाडू बळेच पुडीत बांधून दिले. बाईंनी पुडी पर्समध्ये टाकली आणि आम्ही ब्राह्मणआळीला वळलो. उन्हं चढली होती. वाटेत एरवी मी वखार दाखवायचे, ती दाखवली नाही. त्यांनीही विचारलं नाही.

यमूवहिनी ओटीवर साचा मांडूनच बसल्या होत्या. तांदळाची उकड काढलेली, परात पुढ्यात. त्यांनी एका हातानं साच्याचं झाकण धरलं आणि दुसऱ्या हातानं उकडीचा गोळा उचलून दाबला. एकदा. दोनदा. हात पुढे करून साच्यात सोडला.

"थांबा!" सुलक्षणाबाई ओरडल्याच. "हेच! ताई, हेच आहे!"

यमूवहिनी दचकल्या. मी त्यांना दोन वाक्यांत काय ते सांगितलं, तर वहिनींचे डोळे लगेच भरले. म्हणाल्या, "अगं, मग लवकर कर. फोन लाव घरी."

व्हिडिओ कॉल लागला. पलीकडे सुलक्षणाबाईंचे यजमान होते, प्रकाशराव. त्यांनी फोन म्हाताऱ्यांच्या तोंडासमोर धरला. मला चेहरा तेवढा दिसला. गालफडं बसलेली, नाकात नळी, पण डोळे जागे. यमूवहिनींनी शिरवाळ्यांची वाटी फोनसमोर धरली, वर नारळाचा रस घातला, गोळा पुन्हा दाबून दाखवला. आम्ही तिघी श्वास रोखून बसलो होतो.

म्हाताऱ्यांनी पाहिलं. नीट पाहिलं. मग डोळे मिटून मान भिंतीकडे वळवली.

"हात?" सुलक्षणाबाईंनी विचारलं. "प्रकाश, हात थांबला का?"

"नाही गं," प्रकाशराव म्हणाले. "चालूच आहे."

एवढ्यात रेंज गेली. यमूवहिनींनी वाटी खाली ठेवली.

सुलक्षणाबाई ओटीवरून उतरल्या, चपला घातल्या. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "मी निघते ताई. उगाच तुमचा दिवस घेतला. गाडी लावलीय तिथं सोडा मला." आणि दोन पावलं चालून म्हणाल्या, "जाता जाता समुद्र तेवढा दाखवा. बाबांनी नाही दाखवला."

मी त्यांना धक्क्यावर घेऊन गेले. ओहोटी लागली होती. कारळीत खाडी आणि समुद्र धक्क्याच्या पुढ्यातच मिळतात. ओहोटीला खाडीचं पाणी असं ओढ घेतं की पोहणाऱ्या माणसानंही तिथं पाय घालू नये. होड्या सगळ्या वर ओढलेल्या. माणूस नाही, कावळा नाही. फक्त धक्क्याच्या खालच्या पायरीवर, पाण्यालगत, सोनूआबा पाठमोरे बसलेले, पुढ्यात भाताचं पातेलं.

मी बाईंचा दंड धरला. "इथंच थांबूया. आज त्यांच्या जवळ जायचं नाही."

"का?"

"दर्यावर जाणाऱ्या खारव्यांची रीत आहे. बुडून गेलेलं माणूस सापडलं नाही, तर ते उपाशी राहतं म्हणतात. म्हणून अमावास्येला ओहोटी लागली की अळणी भाताचा घास द्यायचा त्याला. तो कुणीही दिलेला चालत नाही. बायकोनं नाही, पोरानं नाही. पाण्यात शेवटचा हात ज्याच्या हातून सुटला, त्यानंच द्यायचा. मरेपर्यंत."

"आणि त्यानं नाही दिला तर?"

"तर नाही. मग ते उपाशीच."

बाई बघत राहिल्या. "यांच्या हातून कोण सुटलं?"

"मोठा भाऊ. दोघं पोरंच होती तेव्हा. त्या तिथं, तोंडावर, होडी उलटली. पन्नासच्या वर वर्षं झाली असतील. मी लहान असल्यापासून आबांना इथं बसलेले बघतेय, पण असं लांबूनच."

आबांनी पातेल्यातून भात घेतला. मूठ आवळली, सैल सोडली. पुन्हा आवळली. पुन्हा. बाईंची बोटं माझ्या मनगटात रुतली.

"डावा हात," त्या म्हणाल्या.

"हो. उजव्या हातानं जित्यांना वाढायचं. डावा त्यांच्यासाठी."

"ताई." त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "बाबांचा डावाच हात चालतो. मी तुम्हाला उजव्यानं दाखवलं. समोर बसून बघत होते ना मी... आणि हात कधी तोंडाकडे गेला नाही हो त्यांचा. एकदासुद्धा नाही. बाबा काही मागत नाहीयेत. ते कुणाला तरी देतायत."

भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे कारळकर म्हणजे खारवी. म्हणजे त्यांच्याही हातून कुणीतरी सुटलं असणार इथं. मी खारव्यांच्या वाडीतली घरं मनात मोजायला लागले, कोणाकडचं कोण बुडालं होतं म्हणून. आणि खालून आबांची हाक आली. दर अमावास्येला देत तशीच, पाण्यावर वाकून, हलक्या आवाजात.

"बुधा... घे रे. बुधाजी, घे."

बाईंनी माझं मनगट सोडलं.

"बाबांचं नाव बुधाजी आहे," त्या म्हणाल्या.

वाडीत बुधाजी काय कमी आहेत, असं मी म्हणणार होते. तोंड उघडेपर्यंत बाई पायऱ्यांवरून खाली धावत सुटल्या होत्या. "थांबा! देऊ नका! पाण्यात टाकू नका!"

शेवाळ होतं पायऱ्यांवर. मी "अहो पडाल, अहो पडाल" करत मागून. आबा घास हातात धरून तसेच वळले. एवढे तापलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

"कोन गो तू? घास घालताना मदी येतंस? शकू, कोनाला घेऊन आलीस हिला? अक्कल गहाण ठेवलीस काय?"

"तुमच्या भावाचा कान," बाई धापा टाकत म्हणाल्या. "डाव्या कानाची पाळी फाटलेली होती का? मधोमध, दोन तुकडे झाल्यासारखी?"

आबांचा राग चेहऱ्यावरच थिजला. ते सावकाश पायरीवर बसले.

"गळ अडकला व्हता," ते म्हणाले. "मीच भिरकावला व्हता. आयेनं मला झोडपला. तुला कोनी सांगितला?"

"मी रोज त्यांचे केस विंचरते," बाई म्हणाल्या, आणि रडायलाच लागल्या. "काका, तुमचा भाऊ ठाण्याला आहे. माझ्या घरी. मी त्यांची मुलगी आहे."

आबांनी मान पाण्याकडे वळवली. मग त्यांनी सांगितलं ते माझ्याशी नाही आणि तिच्याशीही नाही, समोरच्या पाण्याशी सांगितल्यासारखं. होडी उलटली तेव्हा दोघांनी एकमेकांचे हात धरले होते. ओहोटीनं ओढलं आणि हात सुटला. आबा वाहत बाहेर गेले ते मीठ नेणाऱ्या एका पडावाला, म्हणजे शिडाच्या मालवाहू होडीला, सापडले. पडाव दक्षिणेला चाललेला. त्यांनी पोराला पुढच्या बंदरात उतरवलं, कुणीतरी चालत चालत दोन दिवसांनी घरी आणून पोचवलं. घरी सगळे रडत होते. आबांना वाटलं, आपल्यासाठी. पण बुधाजीचा पत्ता नव्हता. त्याचा सदरा तेवढा काठाला लागला होता.

"आयेनं इचारला, कोनाचा हात सुटला? मी सांगितला, माजा. मला तसाच वाटला व्हता. तेव्हापासून घालतंय."

"त्याच संध्याकाळी आगबोट असणार," मी म्हटलं. तेव्हा रोजच असे. "पोहून काठाला आले असतील. भाऊ दिसेना. घरी कुठल्या तोंडानं जाणार? बसले असतील बोटीत."

"त्यांना वाटतंय, त्यांच्या हातून तुम्ही सुटलात," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "काका, ते तुम्हाला जेवू घालतायत. दिवसभर. अंथरुणावर पडून."

त्यांनी फोन लावला. धक्क्यावर व्हिडिओ चालेना, आवाज तेवढा जात होता. "प्रकाश, बाबांच्या कानाशी धर. काही विचारू नकोस, फक्त धर." आणि स्पीकर लावून फोन आबांच्या उजव्या हातात दिला. डाव्या मुठीत भात तसाच होता.

आबांनी फोन कानाला लावला. मी म्हटलं, "आबा, बोला. ऐकतायत ते."

"बुधा," आबा म्हणाले. "मी सोनू."

पलीकडे नुसता श्वास. घरघर लागलेला.

"अरे मी हाय. बुडलो नाय मी. पडाववाल्यांनी उचलला मला. आये गेली, बाबा गेला, पन मी हाय रे! कोनाला घास घालतंस येड्या? मी दोन टायम जेवतंय हितं. पोट सुटलाय माजा." आणि मग आवाज बारीक करून, "तुजा हात नाय सुटला. पान्याची वडच तशी व्हती. कोनाचाच नाय सुटला."

फोनमधून आवाज आला. शब्द नव्हता तो. मला आणि सुलक्षणाबाईंना, दोघींना स्पष्ट ऐकू आला. लहान मूल झोपेत आईला हाक मारताना करतं तसा. मग प्रकाशरावांचा घाबरलेला आवाज. "सुलू, हात थांबला बाबांचा. अगं... नाही, नाही, श्वास चालू आहे. मूठ सोडलीय त्यांनी. झोप लागलीय गं. झोपलेत बाबा!"

बाईंनी तिथंच पायरीवर बसकण मारली आणि तोंडावर पदर घेतला. मीही रडत होते, लाजू कशाला सांगायला. थोड्या वेळानं बाई उठल्या, डोळे पुसले. "काका, चला. गाडी वरच उभी आहे. रात्रीपर्यंत पोचू आपण. अंगावरच्या कपड्यांनिशी चला."

"येतंय," आबा म्हणाले. उभे राहिले, आणि आपल्या डाव्या हाताकडे बघत थबकले.

"आबा, टाका तो भात कुठल्या तरी कुत्र्याला," मी म्हटलं. "जित्या माणसाच्या नावानं नका घालू."

"शकू, बुधा जिता हाय."

"हो आबा. आत्ता बोललात की त्यांच्याशी."

"मंग इतकी वर्सं मी घालत व्हतो, तो कोन घेत व्हता?"

मी म्हटलं, "कोण घेणार? मासे."

"मासा नाय. मासा टोचतो." आबा माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मस्करीचा लवलेश नव्हता. "हात पान्यात घातला की खालून बोटं लागतात. हळू. येकेक शीत काढून घेतल्यावानी घेतो. पोराचा हात हाय शकू. लहान. इतकी वर्सं झाली, वाढला नाय. मी म्हनायचो, बुधा तेव्हा केवढा व्हता, तेवढाच ऱ्हायलाय बिचारा."

सुलक्षणाबाई एक पायरी वर सरकल्या. मला वाटतं, मीही सरकले.

"काका, चला ना," त्या म्हणाल्या. "असू दे आता."

"उपाशी ऱ्हाईल," आबा म्हणाले. "त्येचा घालनारा कोन नसंल, म्हनून माज्याकडं येत असंल. बुधाचा नाव घेऊन बोलवायचो, तरी यायचा. दुसऱ्याच्या नावानं जेवायचा."

ते खालच्या पायरीवर गेले, वाकले, हात पालथा करून पाण्यात घातला. सवयीनं तोंड उघडलं आणि काय हाक मारावी ते त्यांना सुचेना. शेवटी म्हणाले, "बाळा, घे."

हात पाण्यातच ठेवून ते बसून राहिले. ओहोटीचं पाणी खळखळत त्यांच्या मनगटावरून चाललं होतं. मग त्यांनी हात बाहेर काढला. बोटांना एकही शीत चिकटलेलं नव्हतं.

गाडीत बसण्याआधी त्यांनी मला बाजूला घेतलं. "बुधापाशी किती दिस ऱ्हाईन ठावं नाय. म्होरल्या आवशेला आलो नाय तर तू घालशील काय?"

"मी?" मी म्हटलं. "आबा, मी भंडारी. आणि माझ्या हातून कोणी सुटलेलं नाही."

"त्येचा बी कोन नाय. चालंल."

आबा भावापाशी पोचले तेव्हा बुधाजी जागे झाले होते. सुलक्षणा मला फोनवर सांगत होती. आता तिला अहोजाहो करवत नव्हतं मला. दोघं म्हातारे एका खाटेवर, एकानं दुसऱ्याचा चांगला हात धरलेला, आणि दिवसच्या दिवस सोडलेला नाही. हात धरलेला असतानाच बुधाजी गेले. दिवसकार्य उरकून आबा तिथं आणखी राहिले, पोरीच्या आग्रहानं. मधे अमावास्या आली.

मी भात लावला, मीठ घातलं नाही. ओहोटीला धक्क्यावर गेले. स्वतःलाच शिव्या घालत होते, शकू, या वयात काय हे खुळ्यासारखं, कुणी बघितलं तर हसेल. डाव्या हातात भात घेतला, तीनदा दाबला, हात पालथा करून पाण्यात घातला आणि आबांनी मारली होती तीच हाक मारली.

आबा खोटं बोलले नव्हते. बोटं गार होती. घाईनं नाही, अगदी हळू घेतलं त्यानं. सगळा भात संपल्यावर एक बोट माझ्या तळव्यावर जरा वेळ राहिलं, आणखी आहे का बघावं तसं.

आबाही गेले, त्याला आता बरीच वर्षं झाली. माझे गुडघे गेले, फेरी बंद झाली. अमावास्येला रिक्षा करून धक्क्यावर जाते, रिक्षावाल्याला सांगते, हवा खायला आले. खालच्या पायरीपर्यंत उतरणं आता जमत नाही, बसत बसत जाते. या पावसाळ्यानंतर तेही होईल असं वाटत नाही. मला मूलबाळ नाही, वाडीत कुणाला सांगावं तर त्या प्रत्येकाचा पाण्यात आपापला कुणीतरी आहे.

तुम्ही ऐकून घेतलंत. तुमच्या हातून कोणी सुटलेलं नाही ना? मग चालेल. भात अळणी हवा, तेवढं लक्षात ठेवा.